जुन्या भागांतून घरचा डेस्कटॉप उभारताना: काय ठेवावे आणि काय नवे घ्यावे

निळी शाई

कार्यालयांतून बाद झालेले डेस्कटॉप सध्या बाजारात मोठ्या संख्येने दिसत आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा अद्यतन थांबले. विंडोज ११ ला अधिकृतपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेतला प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, त्यामुळे चौथ्या ते सातव्या पिढीची चालती यंत्रे कंपन्या काढून टाकत आहेत. त्याच सुमारास डेटा सेंटरांच्या मागणीमुळे नव्या रॅमचे भाव झपाट्याने चढले. नवा संगणक महाग होत असताना जुना मात्र सहज मिळतो आहे, आणि म्हणून मंचावर हा चर्चेचा धागा काढत आहे.

साताऱ्याला बहिणीच्या घरी एक जुना टॉवर आहे. त्यात इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५-४५९० प्रोसेसर, बी८५ चिपसेटचा मदरबोर्ड, ८ जीबी डीडीआर३ रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क आणि अनोळखी नावाचा ‘४५० वॅट’चा एसएमपीएस (संगणकाला वीज पुरवणारा डबा) आहे. भाचीचा अभ्यास, मेहुण्यांचे दुकानाचे हिशेब आणि घरातले व्हिडिओ पाहणे एवढे त्यावर व्हावे, ही अपेक्षा आहे.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. जुन्या संगणकातले भाग दोन प्रकारचे असतात. प्रोसेसर, रॅम, मदरबोर्डवरील चिपा आणि कॅबिनेट यांत हलणारे काही नसते, आणि योग्य तापमानात वापरले असतील तर दहा वर्षांनीही ते तितक्याच वेगाने चालतात. याउलट एसएमपीएस, फिरणारी हार्ड डिस्क, पंखे, थर्मल पेस्ट आणि सीएमओएसचा (मदरबोर्डवरचा छोटा) सेल हे वापराने किंवा नुसत्या काळाने झिजतात. पहिल्या गटातले भाग जुने घेण्यास मी कधीच कचरत नाही. दुसऱ्या गटावर मात्र पैसे खर्च करावेत. पुष्कळ लोक याच्या उलट करतात: नवा प्रोसेसर घेतात आणि जुन्या एसएमपीएसवर चालवतात.

एसएमपीएसबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. त्यातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधला द्रव उष्णतेने हळूहळू आटतो, त्यांची क्षमता घटते आणि बाहेर पडणाऱ्या विजेतली लहर, म्हणजे व्होल्टेजचा बारीक चढउतार, वाढते. संगणक मधूनच बंद पडतो, आणि दोष रॅमला किंवा विंडोजला दिला जातो. शिवाय स्थानिक एसएमपीएसवर लिहिलेल्या वॅटवर विसंबू नये. लेबलवर १२ व्होल्टच्या ओळीसमोर किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे, कारण आजचा संगणक जवळजवळ सगळी वीज त्याच ओळीतून घेतो. तिथे १६ अँपिअर असतील, तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट एवढीच त्याची खरी ताकद; वर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेले असले तरी. चालू संगणकात मल्टीमीटरने मोजल्यास १२ व्होल्टची ओळ ११.४ ते १२.६ आणि ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ यांच्या आत असायला हवी. हे आकडे बरोबर आले म्हणजे एसएमपीएस चांगलाच आहे असे सिद्ध होत नाही, कारण लहर साध्या मीटरवर दिसत नाही. पण आकडे चुकले तर तो नक्की बाद करावा. एसएमपीएसचा डबा उघडण्याच्या फंदात कोणी पडू नये. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा विद्युतभार काही काळ राहू शकतो.

त्यामुळे या टॉवरसाठी मी ठरवले आहे ते असे: नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणित नवा एसएमपीएस, २.५ इंची साटा एसएसडी (फिरणारे भाग नसलेली डिस्क), प्रोसेसरवरची पेस्ट नवी, सीआर२०३२ सेल नवा, आणि रॅम १६ जीबी. बाकी सारे तेच. एसएसडीचा फरक सर्वांत मोठा असतो. फिरणारी डिस्क सलग वाचन साधारण १०० ते १५० एमबी प्रति सेकंद करते आणि साटा एसएसडी सुमारे ५५० एमबी. पण खरा फरक विखुरलेल्या लहान फायली वाचण्यात आहे. फिरणाऱ्या डिस्कला प्रत्येक वेळी डोके हलवून जागा शोधावी लागते, म्हणून ती सेकंदाला शंभराच्या आसपास तुकडे वाचते. साधी एसएसडी तेच हजारोंच्या हिशेबात करते.

दोन बाबतींत जाणकारांचा सल्ला हवा आहे. एक, हा टॉवर सुधारावा की आठव्या पिढीचे जुने कार्यालयीन यंत्र घ्यावे? दोन, व्हिडिओसाठी वेगळे ग्राफिक कार्ड लागेल का?

लोखंडी जिना

आपली विभागणी पटली. त्यात एक भर घालतो, कारण कार्यालयीन यंत्रे घेताना अनेकांची अडचण नेमकी इथे होते. बाजारात सुट्या मिळणाऱ्या एसएमपीएसला मदरबोर्डसाठी २४ पिनांचा जोड असतो. डेलच्या ऑप्टिप्लेक्स ७०१० टॉवरमध्ये तो चालतो. त्याच्या पुढच्या पिढीतल्या ९०२० मध्ये मात्र मदरबोर्डवर ८ पिनांचा वेगळाच जोड आहे, आणि एचपीच्या एलिटडेस्क ८०० जी१ मध्ये ६ पिनांचा. नंतरच्या अनेक मॉडेलांत डिस्कला लागणारी वीजसुद्धा मदरबोर्डवरूनच निघते. रूपांतर करणाऱ्या केबली मिळतात, परंतु त्या नेमक्या त्या मॉडेलसाठीच आहेत याची खात्री करूनच जोडाव्यात.

दुसरी सावधगिरी त्याहून महत्त्वाची आहे. मॉड्युलर, म्हणजे सुट्या होणाऱ्या केबलींच्या, एसएमपीएसच्या केबली एका कंपनीच्या दुसरीला कधीही लावू नयेत. एसएमपीएसच्या बाजूच्या टोकाला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. जोड अगदी व्यवस्थित बसतो, पण ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट जातात आणि डिस्क क्षणात जळते. जुना एसएमपीएस घेताना त्याच्या मूळ केबली नसतील, तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

निवडीबद्दल: आपल्याकडचा मदरबोर्ड सर्वसाधारण मापाचा, सुटा विकला जाणारा असेल तर तो सुधारणे योग्य. नव्याने यंत्र विकत घ्यायचे असेल, तर चौथ्या पिढीवर आता पैसे घालू नयेत. ऑप्टिप्लेक्स ७०६० किंवा एलिटडेस्क ८०० जी४ या आठव्या पिढीच्या यंत्रांत विंडोज ११ अधिकृतपणे चालते, डीडीआर४ रॅम बसते आणि एम.२ एसएसडीसाठी जागा असते.

पितळी डबा

मी या विषयात नवखी आहे, म्हणून विचारते. माझ्या मुलाला अभ्यासाबरोबर थोडे खेळही खेळायचे आहेत. आमच्याकडे ऑप्टिप्लेक्स ९०२० चा उभा टॉवर आहे आणि त्याचा मूळ २९० वॅटचा एसएमपीएस व्यवस्थित चालू आहे. दुकानदार म्हणतात की ग्राफिक कार्ड घ्यायचे तर आधी एसएमपीएस बदला, आणि त्यासाठी मदरबोर्डही बदला. एवढे करण्याची खरोखर गरज आहे का?

निळी शाई

ताई, तशी गरज नाही. ग्राफिक कार्ड जिथे बसते त्या पीसीआय एक्स्प्रेसच्या मोठ्या खाचेतून जास्तीत जास्त ७५ वॅट वीज मिळते, आणि तेवढ्यावर चालणारी कार्डे आहेत. जीटी १०३० सुमारे ३० वॅट घेते. जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५० ही ७५ वॅटची कार्डे आहेत. या दोन्हींच्या काही आवृत्त्यांना वेगळा ६ पिनांचा जोड लागतो आणि काहींना लागत नाही. आपण न लागणारीच घ्यावी. आपल्या ९०२० मधले चौथ्या पिढीचे प्रोसेसर साधारण ८४ वॅटपर्यंतचे असतात, त्यामुळे मूळ २९० वॅटमध्ये हे सहज बसते. कंपनीने त्या यंत्रासाठीच दिलेला एसएमपीएस दुकानातल्या स्वस्त ‘५०० वॅट’पेक्षा अधिक भरवशाचा असतो.

तिघांत मी १६५० सुचवेन. १०३० आणि १०५० टीआय ही पास्कल पिढीची कार्डे आहेत आणि एनव्हिडियाने त्या पिढीसाठी खेळांची नवी ड्रायव्हर अद्यतने ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवली आहेत. सुरक्षेपुरती अद्यतने पुढे काही काळ मिळणार आहेत, त्यामुळे घरात असलेले कार्ड टाकू नये. परंतु नव्याने विकत घेताना हे लक्षात असावे. एएमडीचे आरएक्स ६४०० नवे आणि कमी विजेचे असूनही या यंत्रासाठी मी सुचवणार नाही. ते खाचेचे फक्त चार मार्ग वापरते, जुन्या पीसीआय एक्स्प्रेस ३.० वर त्याची कामगिरी घटते, आणि व्हिडिओ एन्कोड करण्याची सोयही त्यात नाही.

आठवा कप्पा

जुने यंत्र विकत घेण्यापूर्वी दुकानातच काय तपासावे ते लिहितो. हे काम मी नेहमी करतो आणि क्रमही हाच ठेवतो.

आधी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरून पाहावे. कंपनीने घातलेला बायोसचा पासवर्ड काढलेला नसेल तर यंत्र घेऊ नये. कार्यालयीन मदरबोर्डवर तो नेहमी सेल काढून जात नाही. मग मदरबोर्ड उजेडात धरून कपॅसिटरांची टोके पाहावीत. टोक सपाट हवे, फुगलेले किंवा तपकिरी डाग आलेले नको. इंटेलच्या बोर्डात प्रोसेसरच्या पिना बोर्डावरच्या सॉकेटमध्ये असतात. एकही वाकलेली असेल तर रॅमची एखादी खाच मृत निघू शकते. म्हणून रॅम प्रत्येक खाचेत लावून पाहावी. एएमडीच्या एएम४ सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, तिथे प्रोसेसर उलटा करून नीट पाहावा.

डिस्कसाठी क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा लिनक्सवर स्मार्टमॉनटूल्स चालवावे. स्मार्ट माहितीतील (डिस्क स्वतःबद्दल ठेवते त्या नोंदींतील) क्रमांक ५, १९७ आणि १९८ या नोंदींच्या शेवटच्या रकान्यात शून्य नसेल, तर त्या डिस्कवर महत्त्वाचे काही ठेवू नये. क्रमांक १९९ वाढलेला असेल, तर बहुतेक वेळा दोष डिस्कचा नसून साटा केबलचा असतो. केबल बदलून पुन्हा पाहावे. घरी आणल्यावर रॅम तपासणारा मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर चालू ठेवावा. त्यात एकही चूक आली तर ती रॅम परत करावी. एखाददुसऱ्या चुकीने काय होते, असे विक्रेते म्हणतात, पण त्या एका चुकीने हिशेबाची फाईल बिघडते आणि कारण कधीच सापडत नाही.

रॅमच्या बाबतीत एक फसवणूक आजही चालू आहे. डीडीआर३ च्या ८ जीबीच्या अतिशय स्वस्त कांड्या मिळतात, त्या फक्त एएमडीच्या बोर्डांवर चालतात, आणि ते सांगितले जात नाही. इंटेलच्या बोर्डात त्या टाकल्यावर यंत्र सुरूच होत नाही. सर्व्हरमधून काढलेली रजिस्टर्ड ईसीसी रॅमही घरगुती बोर्डात चालत नाही. निळी शाई यांनी ४ जीबीच्या दोन कांड्या आधीच असतील तर तशाच दोन आणखी घ्याव्यात, आणि बोर्डाला दोनच खाचा असतील तर ८ च्या दोन घ्याव्यात. १६ ची एक चौथ्या पिढीला चालत नाही, आणि दोन कांड्या जोडीने लावल्याने मिळणारा दुहेरी मार्ग अंगभूत ग्राफिक्सला फार उपयोगी पडतो.

पूर्वेचा वारा

बाजारात एक्स९९ नावाचे नवे चिनी बोर्ड आणि इंटेलचे सर्व्हरसाठीचे झिऑन प्रोसेसर यांचे संच मिळतात. ई५-२६७० व्ही३ मध्ये बारा कोर आहेत, किंमतही कमी आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मला असा संच दाखवला गेला. त्यापेक्षा सहा कोरचा आय५-८५०० कशासाठी घ्यावा, असा प्रश्न पडला आहे.

लोखंडी जिना

कारण घरगुती कामांत कोरांच्या संख्येपेक्षा एका कोराचा वेग अधिक जाणवतो. ई५-२६७० व्ही३ चा कमाल वेग ३.१ गिगाहर्ट्झ आहे आणि तो १२० वॅटचा प्रोसेसर आहे. आय५-८५०० हा ४.१ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, ६५ वॅटचा आहे आणि त्याला अंगभूत ग्राफिक्स आहे. झिऑनला नाही, म्हणजे कार्डाचा खर्च वेगळा. शिवाय त्या बोर्डांवर नाव एक्स९९ असले तरी चिपसेट पुष्कळदा बी८५ किंवा क्यू८७ असा दुसऱ्या यंत्रांतून काढून बसवलेला असतो. बायोसची अद्यतने मिळत नाहीत आणि दुरुस्तीला कोणी हात लावत नाही. ज्यांना सलग तासन्‌तास व्हिडिओ रेंडर करायचे आहेत किंवा एकाच यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवायची आहेत, त्यांना त्या बारा कोरांचा उपयोग आहे. घरच्या एकमेव संगणकासाठी मी तो संच सुचवणार नाही.

पूर्वेचा वारा

मी सलग रेंडरिंग करत नाही, फक्त लग्नांचे छोटे व्हिडिओ कापतो. संच घेण्याचा विचार सोडला. माझ्याकडे बी३५० बोर्डावर रायझन ५ १६०० आहे, तेच सुधारता येईल का?

आठवा कप्पा

हे आपण आधी सांगायला हवे होते, कारण जुने ठेवून सुधारणा करण्यासाठी तुमच्या बोर्डावरच्या एएम४ इतका चांगला सॉकेट दुसरा झालेला नाही. २०१७ च्या बोर्डावर २०२२ मध्ये आलेला रायझन ५ ५६०० बसतो. इंटेलच्या बाबतीत पाच वर्षांत सॉकेट आणि चिपसेट अनेकदा बदलले. तुमची रॅम, कॅबिनेट, डिस्क, ग्राफिक कार्ड सगळे तसेच राहील. आणखी एक लाभ म्हणजे रायझन १६०० ला विंडोज ११ चा अधिकृत पाठिंबा नाही, ५६०० ला आहे.

क्रम मात्र चुकवू नये. जुना प्रोसेसर बसवलेला असतानाच उत्पादकाच्या संकेतस्थळावरून त्या बोर्डाच्या नेमक्या आवृत्तीचे बायोस उतरवून अद्ययावत करावे. काही बोर्डांना मधल्या एखाद्या आवृत्तीचा टप्पा घ्यावा लागतो, ती सूचना उतरवण्याच्या पानावरच दिलेली असते. बायोस लिहिले जात असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो, म्हणून हे काम यूपीएसवरच करावे. यंत्र पुन्हा सुरू होऊन जुन्या प्रोसेसरवर नीट चालले, की मगच नवा बसवावा. थंडकरी (प्रोसेसरवरचा कूलर) काढताना यंत्र आधी काही वेळ चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग बंद करून, प्लग काढून, थंडकरी किंचित पिळत उचलावा. सरळ वर ओढल्यास वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर सॉकेटमधून उपटून येतो आणि पिना वाकतात. एएम४ मध्ये हा अपघात फार वेळा घडतो.

५६०० मध्ये ग्राफिक्स नाही. तुमचे कार्ड पुढे काढून टाकायचे असेल, तर ५६००जी घ्यावा.

उंबरठ्यापाशी

निळी शाई यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहून गेले आहे. चौथ्या पिढीतले एचडी ४६०० ग्राफिक्स एच.२६४ प्रकारचा व्हिडिओ स्वतः उलगडते. यूट्यूब मात्र आता बहुतेक व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ प्रकारात पाठवते, आणि त्यासाठी एचडी ४६०० मध्ये खास सर्किट नाही. सगळा भार चार कोरांवर पडतो. १०८० पी पर्यंत आय५-४५९० ते सांभाळतो, पंखा थोडा वेगाने फिरतो इतकेच. ब्राउझरमध्ये एच.२६४ चीच मागणी करणारे एक छोटे विस्तारक घातले तर तोही त्रास जातो, मात्र चित्राची मर्यादा १०८० पी राहते. व्हीपी९ सातव्या पिढीपासून आणि एव्ही१ अकराव्या पिढीपासून इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये पूर्णपणे आले. मोठ्या पडद्याच्या ४के टीव्हीला यंत्र जोडायचे नसेल, तर कार्ड घेऊ नये.

प्रणालीबद्दलही लिहितो. या टॉवरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालणार नाही. आडमार्गाने ते बसवता येते, पण पुढची मोठी अद्यतने मिळतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दुकानाचे हिशेब असलेल्या यंत्रावर मी तसे करणार नाही. विंडोज १० चा वाढीव सुरक्षा कार्यक्रम घरगुती वापरकर्त्यांसाठी ऑक्टोबर २०२६ पर्यंतचाच ठरला होता. विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स मिंट २२ या प्रणालीला २०२९ पर्यंत अद्यतने आहेत आणि १६ जीबी रॅमवर ते अतिशय हलके चालते. मराठी इनस्क्रिप्ट कळफलक त्यात आधीच असतो, सेटिंगमध्ये जोडला की झाले. आधी एक गोष्ट पाहावी: मेहुणे हिशेबासाठी कोणते सॉफ्टवेअर वापरतात? ते फक्त विंडोजवर चालणारे असेल, तर लोखंडी जिना यांचा आठव्या पिढीचा सल्लाच बरोबर ठरतो.

निळी शाई

हिशेब स्प्रेडशीटमध्येच ठेवले जातात, त्यामुळे मिंट आणि लिब्रेऑफिसवर ते होतील. तोच निर्णय घेतो. कार्ड घेत नाही.

एक जोडप्रश्न आहे. त्या टॉवरच्या कॅबिनेटला हात लावला की हलकी झिणझिणी येते. हा एसएमपीएसचा दोष समजावा का?

लोखंडी जिना

हा बहुधा घरातल्या अर्थिंगचा दोष आहे आणि तो आधी दुरुस्त करावा. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रलपासून कॅबिनेटकडे जाणारे लहान कपॅसिटर असतात. अर्थिंग असेल तर त्यांतून येणारा अत्यल्प प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग तुटलेले असेल, तर कॅबिनेट २३० व्होल्टच्या साधारण निम्म्यावर तरंगत राहते आणि झिणझिणी जाणवते. नवा एसएमपीएस लावूनही ती जाणार नाही. तारयंत्र्याकडून त्या सॉकेटचे फेज आणि अर्थ यांच्यातले व्होल्टेज मोजून घ्यावे. ते फेज आणि न्यूट्रल यांच्या इतकेच यायला हवे. तोपर्यंत त्या यंत्राला हात लावणे, विशेषतः ओल्या हाताने, टाळावे. यूपीएसही घ्यावा. नेहमीचा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो आणि कार्ड नसलेल्या या यंत्राला तो पुरेसा आहे.

पितळी डबा

आपल्या सर्वांच्या सांगण्यावरून १६५० कार्ड घेत आहे, बाकी काही बदलत नाही. आमच्या जुन्या हार्ड डिस्कचे आणि घरात पडून असलेल्या दोन बंद एसएमपीएसचे काय करावे, तेही सांगावे. भंगारवाला न्यायला तयार आहे.

आठवा कप्पा

भंगारात देऊ नये. तिथे तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जातात आणि उरलेले कचऱ्यात जाते. ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार असा कचरा नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्याकडेच जायला हवा. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर अशांची यादी मिळते, आणि काही महापालिका ठराविक दिवशी संकलनही करतात.

डिस्क देण्यापूर्वी तिच्यावरची माहिती पुसावी. नुसते फॉरमॅट पुरेसे नाही, कारण झटपट फॉरमॅटमध्ये फक्त यादी पुसली जाते आणि फायली तिथेच राहतात. डिस्क चालू असेल तर लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून संपूर्ण डिस्कवर एकदा शून्ये लिहावीत. ५०० जीबीला दोन तासांच्या आसपास लागतात. चालू नसेल तर झाकणाचे स्क्रू काढून आतल्या तबकड्यांवर खोल ओरखडे काढावेत. काही तबकड्या काचेच्या असतात आणि फुटून तुकडे उडतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे घालून ते करावे.